शेवटच्या गाडीची काठी

१

घाटात पाटी धरून उभं राहणं हे काम आहे असं कुणालाच वाटत नाही. माझी नणंद तर सरळ म्हणते, "बसल्या जागी पगार." मी दिवसभर उभी असते, बसलेली असते असं हिला कुणी सांगितलं, देव जाणे. एका बाजूला लाल, ‘थांबा’. दुसऱ्या बाजूला हिरवा, ‘जा’. पाटी फिरवायची, गाड्या सोडायच्या, शिव्या खायच्या आणि पुन्हा पाटी फिरवायची.

हा राज्यमार्ग मला पायथ्यापासून खिंडीपर्यंत तोंडपाठ आहे. जुन्या गिरणीच्या भिंतीपाशी तो सुरू होतो, थोडा वेळ नदीचा हात धरून चालतो, मग पुलावर तिला सोडतो आणि वळणं घेत डोंगराला लागतो. आधी इथे खेचरांची वाट होती. मग वर खाण निघाली आणि खाणवाल्यांनी वाटेचा रस्ता केला. खाण संपली, रस्ता राहिला. सरकारने त्याला नंबर दिला, तेव्हापासून त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. मधे एकदा डोंगराच्या कुशीचा अख्खा भाग रस्त्यासकट खाली गेला, त्यावरच्या कामगारांच्या लॉरीसकट. मग त्याच्या वरच्या अंगाला नवा रस्ता कापला. जुना अजून खाली दिसतो. गवत वाढलंय, कठड्याचे चार दगड उरलेत, आणि तो कुठे जात नाही.

त्या नव्या कापलेल्या तुकड्याचं रुंदीकरण चाललं होतं. खालच्या टोकाला मी, वरच्या टोकाला माझा नवरा. मधे एकाच गाडीपुरता रस्ता, डावीकडे कातळ, उजवीकडे काही नाही. वर कोण आहे ते खालून दिसत नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि साहेबांनी दिलेल्या वॉकीटॉकीतून नुसती खरखर ऐकू येते, कारण डोंगर मधे आडवा बसलाय. म्हणून आमची काठी.

काठी कसली, प्लास्टिकच्या पाइपचा हातभर तुकडा, लाल पट्टी गुंडाळलेला. नवरा वरून गाड्या सोडतो आणि शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात काठी देतो. काठी माझ्या हातात आली, म्हणजे तुकडा रिकामा. मग मी माझी रांग सोडते, शेवटच्या गाडीला काठी देते, ती वर जाते. काठी एकच. ज्याच्या हातात काठी, त्याचा रस्ता. दुसरी काठी असली, तर दोघं एकाच वेळी गाड्या सोडतील आणि मधे काय होईल ते सांगायला नको. मुकादमांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "हरवली तर काम बंद ठेवू, पण दुसरी बनवायची नाही."

आणि रोज दुपारी माझ्या रांगेत शाळेची व्हॅन असते. तिच्यात आमची टकळी. दुसरीत आहे. घर वरच्या गावात, शाळा खाली. म्हणजे रोज दुपारी मी माझ्याच लेकीला त्या तुकड्यात सोडते आणि तिचा बाप तिला वर घेतो. आधी आधी व्हॅन दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहायचे. मग सवय झाली.

२

त्या दुपारी ढग उतरला होता. आमच्याकडे धुकं पडत नाही, ढगच खाली येऊन बसतो. चार हातांपलीकडचं दिसेना. व्हॅन रांगेत पहिलीच होती. टकळी खिडकीला नाक लावून माझ्याकडे बघून तोंडं वेडीवाकडी करत होती, आणि मी कामावर असल्याचा आव आणून तिकडे बघत नव्हते.

वरून गाड्या येऊ लागल्या. एक पांढरी गाडी, एक जीप, मग मिस्त्री लोकांची पिकअप. मग मोठा खंड. मी वाट बघत उभी. थंडीने हात गारठले होते, हातमोजे होते तरी. मग ढगात दोन दिवे दिसले, मंद, पिवळट. गाडी हळू झाली, खिडकीतून एक हात बाहेर आला, मी काठी घेतली. माझी नजर गाडीकडे नव्हतीच. कधीच नसते. काठी हातात घेताना मी माझ्या रांगेकडे बघत असते, कारण कुणीतरी शहाणा आधीच पुढे घुसलेला असतो.

मी पाटी फिरवली. हिरवा. व्हॅन हलली.

आणि माझा हात खाली गेला. काठीच्या वजनाने.

आमची काठी म्हणजे हवा. तिला वजन कसलं? मी खाली बघितलं. हातात लाकूड होतं. काळपट, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं, एका टोकाला लोखंडी कडी. कधीकाळी लाल रंग असावा, तो आता नुसता चिरांत उरला होता. आणि ती ओली होती. हातमोज्यातून गारवा आत शिरला.

"थांब! थांब, थांब, थांब!" मी ओरडले आणि पाटी आडवी घालून व्हॅनपुढे धावले. व्हॅनकाकांनी करकचून ब्रेक दाबला. आतली सगळी पोरं एकदम पुढे गेली आणि खिदळली. त्यांना काय, मज्जा.

३

"अहो ताई, काय हे!" व्हॅनकाका खिडकीतून बाहेर डोकावले. "काठी आली ना?"

"आली. पण आमची नाही."

"म्हणजे?"

म्हणजे काय, ते मला तरी कुठे कळलं होतं? मी विचारलं, "आत्ता ती गाडी गेली ती कुठली होती?"

"कुठली गाडी? पिकअपनंतर कुणीच आलं नाही. तुम्ही हात लांब केलात आणि पाटी फिरवलीत."

"दिवे नाही दिसले तुम्हाला?"

"ताई, एवढ्या ढगात मला माझं बॉनेट दिसत नाहीये."

तेही खरंच. मी स्वतःला समजावायला लागले. माझं डोकं तसं जागेवर असतं, उगाच भुताखेतांच्या गोष्टींत मी रमत नाही. आमची काठी तुटली असेल. गाडीखाली आली असेल. मग नवऱ्याने भंगारातून एखादं लाकूड उचलून दिलं असेल. पण दुसरी बनवायची नाही हे त्याला माझ्याइतकंच माहीत. की सकाळच्या भांडणाचा सूड? सकाळी आमची चांगली जुंपली होती, कारण सांगण्यासारखं नाही, त्याने ओला टॉवेल पुन्हा गादीवर टाकला होता. पण हा माणूस काठीची चेष्टा करणार नाही. लेक वर येते त्या वेळेला तर नाहीच नाही.

मागून हॉर्न सुरू झाले. एकाने सुरुवात केली की सगळ्यांना कंठ फुटतो. मी रस्त्यावर वाकून बघितलं. पिकअपच्या चाकांचे ओले पट्टे स्पष्ट दिसत होते. त्यावर दुसऱ्या कुठल्या चाकाची रेघ नव्हती.

मी घाबरले. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात मुकादम मोटारसायकलवरून खालून आले. रांगेच्या कडेकडेने, तोंड लाल.

"रांग पुलापर्यंत गेली! काय चाललंय?"

"साहेब, काठी चुकीची आलीय."

त्यांनी काठी हातात घेतली, उलटसुलट केली. क्षणभर त्यांचा चेहरा विचित्र झाला, मग पुन्हा रागावला. "काठी ती काठी. वरून आली ना? मग सोड. पोरांना घरी जायचंय, लोकांना कामं आहेत."

"नाही सोडणार."

"नियम काय आहे? हातात काठी असली की सोडायचं. नियम तूच मला शिकवतेस ना?"

"हातात आमची काठी असली की सोडायचं."

"तुझ्या नवऱ्याने दिलीय ती."

"त्याने दिली नाही."

"कशावरून?"

मी काय सांगणार होते त्यांना? की गाडीचे पट्टे नाहीत? की हातात घेतल्यापासून ती सुकत नाहीये? मी हातमोजा काढून बघितला होता, आतपर्यंत भिजला होता, आणि पाऊस नव्हता.

"साहेब," मी म्हटलं, "पहिली व्हॅन आहे. आत माझी मुलगी आहे. तुम्हाला सोडायची असेल तर तुम्ही पाटी हातात घ्या आणि तुमच्या सहीने सोडा. मी नाही."

मी पाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

व्हॅनमधून टकळीचा आवाज आला. "आई, आपण अडकलो का?"

"नाही गं, गप बस जरा."

"मग तू रडतेस का?"

"सर्दी झालीय मला."

मागचे हॉर्न हळूहळू थांबले. लोक कंटाळले असतील. आणि मग त्या शांततेत वरून आवाज यायला लागला. आधी तर मला वाटलं माझंच डोकं घुमतंय. मग कातळालाच हादरा बसू लागला.

४

ढगातून आधी दोन भलेमोठे दिवे आले, मग ट्रेलरचं तोंड, मग त्याच्यावरचा लोखंडी गर्डर. पुलासाठी चाललेला. संपता संपेना. रस्त्याच्या कडेपासून कातळापर्यंत सगळी जागा त्याने व्यापली होती, बाजूने मांजरही गेलं नसतं. पाय टाकत टाकत यावं तसा तो उतरत होता. त्याला मागे जाता येत नाही आणि पटकन थांबताही येत नाही. व्हॅन आत सोडली असती, तर मधल्या वळणावर ते समोरासमोर आले असते. उजवीकडे काही नाही तिथे.

मुकादमांनी मोटारसायकलची सीट घट्ट धरली होती.

ट्रेलरवाल्याने काच खाली केली आणि काठी पुढे केली. हलकी, लाल पट्टीची, आमची. तिला नवऱ्याने निळी चिंधी बांधली होती. चिंधी म्हणजे चहा पाठव. एवढ्या गोंधळात मला हसू फुटलं आणि ते थांबेचना, हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"काय झालं हो?" ट्रेलरवाला घाबरून म्हणाला.

"काही नाही, दादा. तुमच्या पुढे किती गाड्या सोडल्या वर?"

"तीन. एक पांढरी, एक जीप आणि पिकअप. मग मी. माझ्या मागे कुणी नव्हतं, मलाच शेवटचा म्हणून काठी दिली."

"आणि मधे?"

"मधे कोण येणार? मधे दुसरा रस्ता फुटतोच कुठे?"

तो गेला. मुकादम हळूच म्हणाले, "बाई, तू आज..." आणि पुढचं गिळलं. मग मोटारसायकल वळवून ट्रेलरला वाट करून द्यायला खाली गेले. जाताना त्यांनी ती लाकडी काठी माझ्या हातात परत दिली. दोन बोटांत धरून दिली, माझ्या लक्षात आलं.

आता माझ्याकडे दोन काठ्या होत्या.

५

रांग सोडायच्या आधी शेवटच्या गाडीपर्यंत चालत जाऊन काठी द्यायची, हे रोजचंच. लाकडी काठी मी काखेत धरली, आमची हातात, आणि ढगात चालू लागले. गाड्यांच्या आत लोक डुलक्या काढत होते. एकीकडे रेडिओ बारीक वाजत होता. एका बाईने विचारलं, "सुटलं का?" मी म्हटलं, "सुटतंय, सुटतंय." बरं वाटलं तिच्याशी बोलून.

शेवटचा होता गाद्यावाला टेम्पो. गाद्या दोरीने बांधलेल्या, वर ताडपत्री. मी काठी पुढे करणार, तर त्याच्या मागे दिवे दिसले. मंद, पिवळट. आत्ता येऊन लागली असेल गाडी, मी म्हटलं, आणि सवयीने पुढे गेले. टेम्पो ओलांडला.

जुनी लॉरी होती. इंजिन चालू असल्याचा आवाज नव्हता. ओल्या मातीचा आणि गंजक्या लोखंडाचा वास होता. खिडकीतून हात बाहेर आला, तळवा वर करून. बाही कोपरापर्यंत भिजलेली, नखांत माती भरलेली. घाई नव्हती त्या हाताला. तो नुसता वाट बघत होता.

माझा हात पुढे झालाच होता. आमची काठी, निळ्या चिंधीसकट, त्या तळव्यापासून वीतभर अंतरावर. शेवटच्या गाडीला काठी द्यायची. हात आपोआप करतो ते काम, डोकं मागून येतं. मग डोकं आलं. ही लॉरी जर काठी घेऊन गेली, तर काठी वर पोचणार नाही. आणि काठी पोचेपर्यंत नवरा तिथे उभा राहील. तो पाटी सोडून कुठे जायचा नाही.

मी हात मागे घेतला. अंगातलं सगळं बळ लागलं. काखेतली काठी काढली आणि त्या तळव्यावर ठेवली.

"ही तुमची," मी म्हटलं. "तुम्ही या रांगेत नाही. तुम्ही थांबा."

बोटं काठीभोवती मिटली. हात आत गेला. तेवढ्यात वाऱ्याने ढग जरासा हलला आणि मला मागचा हौदा दिसला. माणसं उभी होती. दाटीवाटीने, खांद्याला खांदा लावून, कामावर जाणारी माणसं असतात तशी. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. रागावलेली नव्हती. रांगेतले लोक रोज माझ्याकडे बघतात ना, आता सोडेल, आता सोडेल म्हणून, तशीच बघत होती.

मी पाटीचा लाल भाग त्यांच्याकडे केला आणि पाठ न फिरवता, उलट्या पावलांनी टेम्पोपर्यंत आले.

"दादा, मागे कुणी आहे का?" मी टेम्पोवाल्याला विचारलं.

त्याने आरशात बघितलं. "कुणी नाही. का हो?"

"मग तुम्हीच शेवटचे. ही धरा. आणि मधे कुणी मागितली तरी देऊ नका. वरच्या माणसाच्याच हातात द्या. त्याच्याच."

"अहो, मला माहितीये, रोजचाच आहे मी."

मी पुढे येऊन पाटी फिरवली. व्हॅन गेली. टकळीने हात हलवला. सगळी रांग गेली, गाद्यावाला गेला, आणि मी खालच्या बाजूला तोंड करून, लाल पाटी पुढे धरून, त्या रिकाम्या रस्त्यावर एकटी उभी राहिले. पिवळे दिवे तिथेच होते. ते हलले नाहीत. पाटीच मला धरून होती म्हणा. मी मोठमोठ्याने पाढे म्हणत होते. दुसरं काही सुचलंच नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक, नेहमीपेक्षा जास्तच. मग मागून वरच्या बाजूने हॉर्न वाजला आणि एकामागून एक गाड्या आल्या. शेवटच्याने माझ्या हातात काठी ठेवली. हलकी. चिंधी सुटलेली होती, म्हणजे नवऱ्याने ती स्वतः सोडली होती. काठी पोचली. व्हॅन पोचली. मी तिथेच कठड्यावर बसले आणि हायसं होऊन मोठा श्वास घेतला. खाली बघितलं तेव्हा ढग वर सरकत होता. रस्ता मोकळा, ऊन पडलेलं, दिवे नाहीत, काही नाही.

६

संध्याकाळी काम बंद करून घरी पोचले तेव्हा नवरा आधीच आलेला होता आणि कांदा चिरत होता. भांडण झालं की हा कांदा चिरतो. टॉवेल दोरीवर वाळत घातलेला दिसला.

मी सगळं सांगितलं. तो मला वेड्यात काढील अशी तयारी ठेवूनच सांगितलं. त्याने सुरी खाली ठेवली.

"ट्रेलर सोडला आणि एक जण आला माझ्याकडे," तो म्हणाला. "ढगातून. काठी मागायला. मी म्हटलं, काठी गेली खाली. तर म्हणतो, बरं, मग खाली बघतो. खाली बाई आहे ना? ती सोडेल लगेच."

"मग तू काय म्हणालास?"

"मी? मी हसलो. म्हटलं, ती? ती मला दारातून बाहेर सोडताना दहा प्रश्न विचारते. ती नाही सोडायची."

"आणि?"

"आणि काय? तो गेला. मी आपला निवांत. तू आहेस म्हटल्यावर मला कसली काळजी?"

बरं वाटलं ऐकून, नाही कशाला म्हणू? इतक्या वर्षांत एवढं कौतुक त्याने पहिल्यांदाच केलं असेल. मी म्हणणार होते काहीतरी गोड. तेवढ्यात टकळी आतून आली, एका पायात मोजा, एका पायात नाही.

"आई, बाबा रस्त्यात बसले होते."

"कुठे?"

"मधेच. जिथे कुणीच नसतं तिथे. त्यांची एक चप्पल पण नव्हती. व्हॅनकाकांनी गाडी थांबवली तर ते सगळ्या खिडक्यांतून आत बघत होते. मग मी म्हटलं बाबा मी इथेय, तर खालीच बसले आणि खूप रडले. मग आम्ही त्यांना व्हॅनमध्ये घेतलं. माझ्या मांडीवर माझं दप्तर होतं, ते त्यांनी धरलं."

मी नवऱ्याच्या पायांकडे बघितलं. त्याने ते स्टुलाखाली ओढून घेतले. तळव्याला पट्टी बांधलेली होती. पाटी सोडून कुठेही न जाणारा माझा माणूस पाटी दगडांत खोचून, अर्धा उतार एका चपलेनिशी पळत आला होता.

"रडलो वगैरे काही नाही," तो कांद्याकडे बघत म्हणाला. "धुकं गेलं होतं डोळ्यांत."

धुकं डोळ्यांत जात नाही. त्या घाटात इतकी वर्षं उभी आहे, मला विचारा. पण मी खाली बसले, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि म्हटलं, "हो, आज होतंच तसं."